कावडीची कमान

रंजीताने स्टीलचा डबा थेट ऐरणीवर ठेवला आणि झाकण काढलं. आत चार बोटं पाणी होतं आणि पाण्यावर बोटुकल्या, माशांची पिल्लं, तरंगत होत्या, पांढरी पोटं वर करून. बोटभर लांबीच्या, तांदळाच्या फुलासारख्या हलक्या.

इस्तारीने हातातला हातोडा खाली ठेवला नाही.

"मासे विकाचे असन तं बाजारात बस. इथी लोखंड ठोकते."

"विकाले नाई आनले. दाखवाले आनले."

बाकावर बसलेल्या पियुषने नाकाला रुमाल लावला. तो एका रिसॉर्टची जिप्सी चालवायचा. तिच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी एक पाटा घालून ती वीतभर उंच करून न्यायला आला होता.

"भाऊ, भाजीची सोय झाली तुमची," तो म्हणाला. "तेल-मीठ मी आनतो."

इस्तारी हसला. पियुषच्या विनोदाला नव्हे, दोघांनाही. सिंदेवाहीत मूल गावाकडे जाणाऱ्या नाक्यावर त्याचं दुकान उभं राहून तीस वर्षं झाली होती आणि या तीस वर्षांत त्याला गिऱ्हाईक म्हणून शहाणा माणूस भेटला नव्हता. कोणी मोबाइलमधला फोटो दाखवून गाडी उंच करून मागायचं. कोणाला वाघ दिसला नाही तरी चालेल, पण आपली गाडी दिसली पाहिजे असायचं. तो त्यांच्याकडे बघायचाच नाही. कोणतीही गाडी आली की तिच्यात धानाची सहा पोती टाकायचा, चाकांच्या धुऱ्यापासून वरच्या साट्यापर्यंत सुतळी धरायचा आणि त्या मापावर पाटे बसवायचा. गाडीत कोण बसणार, काय जाणार, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. धानाचं पोतं तोंड उघडत नाही, एवढंच त्याला त्याचं आवडायचं.

ही पोरगीही तशीच आली होती, पंधरा दिवसांपूर्वी. सफारीतून काढलेली जुनी जिप्सी, मागे बाकड्यांच्या जागी निळा ड्रम. मागणी अशी की, मागचे दोन पाटे काढा, पण उंची तेवढीच ठेवा. बांधावरून गाडी न्यावी लागते. सारं जग पाटे घालायला येतं आणि ही काढायला आली होती. त्याने तिच्या कमरेकडे पाहून विचारलं होतं, "गादी पाहिजे तं पलंग काऊन नाई घेत?" आणि दोन काढायच्या ऐवजी एक जाडजूड पाटा वरून घातला होता. आपल्या हातचा, टोकावर हातोड्याची खूण केलेला.

"तुमी पाटा घातला," रंजीता म्हणाली. "मी काढा म्हनलं होतं."

"काढला असता तं नाल्यात बसली असती गाडी. आन मंग रडत आली असती."

"रडाले नाई आली मी." तिने डब्याला बोट लावलं. "ड्रमातल्या पिल्लायची पहिली खेप मेली, तवा पाटे काढा म्हनलं. तुमच्या पाट्यावर दुसरी मेली. मच्छीमार संस्थेनं आमच्या बायांच्या गटाले मालगुजारीचा मामा तलाव देला तो एका सालासाठी. तिसरी खेप मेली तं तलाव ठेकेदाराचा. सभेत लिहून घेतलं तसं."

"मंग पिशव्यांत हवा भरून आन. सारे तसेच आनते."

"हवेचं नळकांडं चंद्रपूरवरून आनाव लागते. आन त्या रस्त्यानं निम्म्या पिशव्या फुटते. बावीस किलोमीटर आहे."

"मंग मासे नोको पाळू. कोंबड्या पाळ."

पियुष मोठ्याने हसला. जिप्सीच्या मागच्या भागात, ड्रमच्या काठावर हात ठेवून एक म्हातारी बसली होती. गटातली कुंताबाई. खेपेसोबत तीच जायची. आतापर्यंत ती दुकानाच्या पाटीकडे बघत होती. पाटीवर ‘इस्तारी पाटेवाला’ एवढंच लिहिलं होतं; आडनाव नव्हतं.

"पानी उभं राह्यलं तं पिल्लू घुसमटते," ती म्हणाली. "आपटलं तं फुटते. डुललं पाहिजे, बापा. डुललं का पान्याच्या पोटात हवा जाते."

"झुला बांधून द्या म्हनते, भाऊ," पियुष म्हणाला.

"झुला नाई. कावड." कुंताबाई पियुषकडे बघतही नव्हती. "आमच्या वेळेस नथ्थूभाऊ होते. दोन हांड्या कावडीले अडकवून निघत. इथून तलावापावतर पायी. कावडीचा बांबू असा वाके, असा उठे. हांडीत एक पिल्लू मरे नाई."

हातोडा ऐरणीवर टेकला. आवाज झाला नाही, इतका हळू.

नथ्थू कोणाचा बाप, हे नाक्यावर म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. ते काढायचं नाही, एवढं शहाणपणही त्यांच्यात होतं. कुंताबाईनेही पुढे काही काढलं नाही. ती पाटी वाचून झाल्यासारखी नजर फिरवून बसली.

इस्तारीला बापाचा खांदा आठवला. त्यावर कावडीने पाडलेला उंच घट्टा. बाप चालायचा नाही, पळायचाही नाही. आखूड, लपलपती पावलं टाकायचा. गुडघ्यात मोडल्यासारखी. शाळेतली पोरं त्या चालीची नक्कल करायची, आणि एकदा आपणही त्यांच्यातलेच हे दाखवायला इस्तारीनेही केली होती. बापाने पाहिलं होतं. काही न बोलता तो तसाच लपलपत पुढे गेला होता, हांडीशी बोलत:

हाल गा हांडी, डोल गा पानी,
तुले तलावाची करीन रानी.

सोळाव्या वर्षी इस्तारी मूलच्या एका वर्कशॉपात गेला. लोखंडाला वास नसतो, असं त्याला वाटलं होतं.

"पियुष, तुही गाडी उद्या," तो म्हणाला.

"अरे भाऊ! मी सकाळपासून बसून राह्यलो."

"तं बसू नोको. उभा राहा."

मग तो रंजीतावर खेकसला. "आत घे ते गाडीचं डबडं. आन ड्रम भर. गळ्यापावतर नोको भरू! अर्धा. पान्याले हालाले जागा नको का? कोन शिकवते तुमाले?"

रंजीताने कुंताबाईकडे पाहिलं. कुंताबाईने पदराने तोंड पुसलं, उगाचच.

धानाची पोती कोपऱ्यात तशीच राहिली. इस्तारीने यू-बोल्ट सोडले, पाट्यांची थप्पी उतरवली. आधी स्वतःच्या खुणेचा पाटा काढून बाजूला टाकला. तो फरशीवर आपटून मंदिराच्या टोलासारखा वाजला. मग आणखी दोन. उरलेले त्याने एकेक करून ऐरणीवर आडवे धरले आणि थंडच ठोकायला घेतले, मधून टोकाकडे, टोकाकडून मधे. पाटे कमी, पण कमान जास्त. मध्येच तो पाटा उचलून डोळ्यांसमोर धरायचा, आणि वाकलेल्या लोखंडापलीकडे काहीतरी बघत असल्यासारखा थांबायचा. टोकं घासून पातळ केली, पाटे एकमेकांवर घसरावेत म्हणून मधून ग्रीस लावलं. बोलला फक्त एकदाच.

"याच्यावर धान न्याचं नाई. मानसं भराची नाई. दोन पोते टाकले का बसला पाटा. मंग मायाकडे यायचं नाई."

"नाई येत," रंजीता म्हणाली.

ऊन कलायच्या आत गाडी बाहेर निघाली. नाक्यामागे कालव्याच्या पाळीवर बैलगाड्यांनी पाडलेली खड्ड्यांची वाट होती. रंजीता पहिल्या गिअरमध्ये निघाली. इस्तारी मागे, उघड्या फळीवर तळवा टेकवून. गाडी खड्ड्यात उतरली, उठली. ड्रममधलं पाणी काठावर आपटलं.

"थांब."

त्याने पान्याने पाट्याच्या टोकाच्या शॅकलचे नट किंचित सैल केले.

"चाल."

आता गाडी उतरली ती वाकत, उठली ती श्वास घेत. पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलं आणि न सांडता परत आलं. मागे चालणाऱ्या इस्तारीची पावलं आखूड झाली. गुडघे मोडल्यासारखे झाले. पाळीवर पन्नास-साठ पावलं तो तसा लपलपत गेला, तळवा फळीवर, नजर पाण्यावर, ओठ हलत.

नाक्यावरून पियुष बघत होता. "भाऊले काय झालं?" त्याने ओरडून विचारलं, आणि त्या चालीची नक्कल करून दाखवली.

त्याच्याशेजारी उभ्या कुंताबाईने मान वळवून कालव्यापलीकडच्या धानाकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जिप्सी तलावाकडून परत आली. रंजीता तलावाच्या चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली. ती उतरली, तोच स्टीलचा डबा तिने त्याच ऐरणीवर ठेवला आणि झाकण काढलं.

डबा कोरडा होता. तळाशी मेल्या पिल्लाचं एक खवलंही नव्हतं.

इस्तारीने डब्यात पाहिलं, मग तिच्याकडे. "नटं ढिले झाले असन," तो म्हणाला. "आठ दिवसानं आनून दाखव. आन पाय धुऊन ये, दुकान घान नोको करू."

"हो, भाऊ."

गाडी गेली. ड्रमच्या कडेला चिकटून राहिलेलं तलावाचं शेवाळ त्याने गाडी निघताना हातानेच निपटून काढलं होतं, ते बोटांवर तसंच राहिलं. तिकडे दोन दिवस रखडलेली पियुषची जिप्सी लोखंडी घोड्यावर चढवलेली होती. इस्तारीने त्याचा नवा पाटा उचलला, तसा पियुष एक पाऊल मागे सरला.

"भाऊ, मासे खाल्ले का? हाताले वास येऊन राह्यला."

इस्तारीने बोटं नाकाशी नेली. जरा वेळ तशीच धरली.

"खाल्ले नाई," तो तुच्छतेने म्हणाला. "पोचवले. धर पाटा."