एक ते दीड

देवकीचा डबा चौदा वर्षांत देवकीनं स्वतः कधी उघडला नव्हता. दुकानातली रीतच तशी होती. सीताबर्डीच्या मेन रोडवरचं ते साड्यांचं तीन मजली दुकान; त्याच्या मागच्या गोदामात दुपारी दोन वाजता आठ बायका सतरंजी टाकून गोल बसायच्या आणि प्रत्येकीनं आपला डबा उजवीकडच्या बाईपुढे सरकवायचा. झाकण तिनं उघडायचं, आधी वास घ्यायचा, मग विचारायचं, "काय आणलं वं आज?" समोर भाजी दिसत असली तरी विचारायचंच. ही रीत कोणी पाडली कोण जाणे, पण आपला डबा आपणच उघडून खाणारी बाई त्या गोलात चालत नसे. नवी मुलगी पहिल्या दिवशी हमखास चुकायची आणि पुढं आठवडाभर तिची फिरकी घेतली जायची.

देवकी राहायला कामठीची, वय बावन्न. नवरा पॉवरलूमवर कामाला होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली. लेक रायपूरला दिलेली. तिच्या सासरी अकरा माणसं, आईला फोन करायचा म्हटलं तरी तिला सवड काढावी लागते. सकाळी शेअर ऑटो, पुढं मेट्रो, साडेदहाला दुकान, आणि घरी परतायला रात्रीचे नऊ. घरी आल्यावर देवकी ओट्याशी उभ्या उभ्याच काहीतरी पोटात ढकलायची. एकटीसाठी ताट कुठं वाढून घ्यायचं? म्हणजे बसून, माणसांत, हसतबोलत असं जेवण तिच्या दिवसात एकच होतं, आणि त्या एका जेवणासाठी ती पहाटे पाचला उठून आठ जणींना पुरेल इतकं रांधायची. कधी वांग्याची भाजी, कधी पातोडीचा रस्सा, आणि हिवाळ्यात कोथिंबीर ठासून भरलेली सांभारवडी. मोजून आठ.

आता तो अर्धा तास काही सुखाचा होता असं नाही. नावालाच अर्धा तास. लग्नसराईत तर घास तोंडात गेला की पडद्याआडून प्रेमानंदचं डोकं आत यायचं. प्रेमानंद म्हणजे दुकानाचा मॅनेजर. "देवकीताई, शालू दाखवा जी, पार्टी भंडाऱ्याहून आली आहे." शालूची गादी देवकीची. ती गादी म्हणजे दुकानातली मानाची जागा, तिथं कोणालाही बसवत नसत. देवकी उठायची, हात धुवायची, वीस शालू उलगडायची, परत येऊन गार भात कालवायची. तोवर गोल उठायच्या बेतात असायचा. तरी कोणीतरी तिच्यासाठी थांबलेली असायचीच. बहुतेक वेळा रितिका. चोवीस वर्षांची, प्रताप नगरातून येणारी, तोंडाची टकळी एक मिनिट बंद न ठेवणारी पोरगी. देवकीचा जीव होता तिच्यावर.

जानेवारीत एक दिवस देवकीला एकाच जेवणातून तिसऱ्यांदा उठवलं. घाईत हात नीट धुतले गेले नाहीत. मोतिया रंगाचा शालू उलगडला आणि काठापाशी हळदीचा अंगठा उमटला. नवरीच्या आईनं तो काठ दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. शेठ गल्ल्यावरून उठून आला आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "चौदा वर्षं झाली, हात धुवायची अक्कल आली नाही?"

देवकी चढ्या आवाजात बोलणारी बाई नाही. त्या दिवशी मात्र तिचं डोकं फिरलं. गल्ल्यामागं सरकारी नियमांचा तक्ता फ्रेम करून टांगलेला होता. दुकानदार तो टांगतात, वाचत कोणी नाही. देवकीनं त्याच्याकडं बोट केलं.

"तितं लिहून आहे शेठजी, पाच तासाच्या वर सलग काम घ्यायचं नाई, अर्धा तास सुट्टी द्यायची. तो अर्धा तास आमचा आहे. माह्या तोंडातला घास टाकून मले उठवता, अन् वरून अक्कल काढता?"

दुसऱ्या दिवशी रितिकानं अर्ज लिहिला, आठही जणींनी सह्या केल्या, सगळ्यात वर देवकीची. शेठनं अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, "ठीक आहे. कायद्यानं जे आहे ते देऊ." इतक्या लवकर तो हो म्हणाला, तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आनंदात असलेल्या माणसाला शंका कुठून सुचणार? बायकांनी त्या दिवशी देवकीला मधे बसवून आलूबोंडे खाऊ घातले.

सोमवारी भिंतीवर कागद लागला. प्रत्येकीला अर्धा तास, पूर्ण. त्या वेळात कोणी हाक मारणार नाही. मात्र एका काउंटरवरची एकच बाई एका वेळी जाणार, म्हणजे गिऱ्हाईक खोळंबणार नाही. अपेक्षाची वेळ साडेबारा, रितिकाची एक, आणि असं करत करत देवकीची तीन ते साडेतीन, कारण शालूची गर्दी तीनपर्यंत असते. दुसऱ्या काउंटरवरच्या बायकांच्या वेळाही अशाच पांगलेल्या. कायद्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

पहिल्या दिवशी तीन वाजता देवकी गोदामात गेली. सतरंजी घडी करून कोपऱ्यात उभी होती. तिनं ती सगळी अंथरली, मग तिलाच वेड्यासारखं वाटलं म्हणून अर्धी दुमडली. डबा पुढ्यात ठेवून ती बसली आणि बसूनच राहिली. बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं, की आपण डबा कोणी उघडेल म्हणून थांबलोय. तेव्हा तिला रडू आलं, उगीच आडपडदा कशाला ठेवायचा! डोळे पुसून तिनं झाकण काढलं. आठातल्या दोन सांभारवड्या खाल्ल्या. सारं जेवण दहा मिनिटांत आटोपलं आणि ती बाहेर आली.

प्रेमानंदनं घड्याळाकडं पाहिलं. "ताई, अजून वीस मिनिटं आहेत तुमची."

"झालं माहं जेवन, भाऊ."

"नाई नाई, आत बसा. शेठनं बजावलं आहे, कोनाचाच वेळ कापायचा नाई. उद्या तुमीच म्हनसान, मले उठवलं म्हनून." तो वाईट मनानं बोलला नव्हता. देवकी परत आत गेली आणि साड्यांच्या गठ्ठ्यांकडं बघत वीस मिनिटं बसली.

बाकीच्या जणी मात्र खूश. अपेक्षा त्या अर्ध्या तासात बर्डीवर फिरून लेकीसाठी क्लिपा नि मोजे घ्यायची. एक जण गठ्ठ्याला डोकं टेकून चक्क झोप काढायची. येताजाता प्रत्येकजण देवकीला म्हणायची, "मावशी, तुमच्यामुळे झालं." देवकीनं एकदा अपेक्षाजवळ खडा टाकून पाहिला. "पयलेचंच बरं होतं न वं? सगळ्या संगं बसत होतो."

"नाई बा," अपेक्षा म्हणाली. "तुमीच तर भांडल्या, अन् आता असं काहून बोलून राहिल्या?"

मला एकटीला जेवण जात नाही, असं बावन्नाव्या वर्षी कोणत्या तोंडानं सांगायचं? देवकीनं आठचं दोनवर आणलं. पहाटे पाचच्या जागी सहाला उठू लागली. पुढंपुढं तर डब्यात नुसती पोळी आणि लोणचं असायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी तळघरातल्या परकराच्या काउंटरवरची बाई काम सोडून गेली. त्या काउंटरची जेवणाची वेळ होती एक ते दीड. रितिकाची तीच वेळ. रितिका साड्यांवर, परकर वेगळा काउंटर, म्हणजे दोघी एकाच वेळी जाऊ शकत होत्या. देवकीनं दोन रात्री विचार केला आणि प्रेमानंदला गाठलं.

"भाऊ, मले खाली परकरावर टाका."

प्रेमानंद तिच्याकडं बघतच राहिला. "काहून ताई? शालूची गादी सोडून परकर विकसान? लोक का म्हनतीन? कोनी काई बोललं का?"

"गुडघे दुखतेत. खाली स्टूल आहे बसायले."

गुडघे ठणठणीत होते. चौदा वर्षांची मानाची जागा तिनं सोडली, ती अर्धा तास कोणाच्या तरी शेजारी बसायला मिळावं म्हणून. शेठनं लगेच मंजुरी दिली आणि शालूच्या गादीवर दुसऱ्या दिवशीपासून अपेक्षा बसली. ती जागा आता परत मिळणार नव्हती, हे देवकीला पक्कं ठाऊक होतं.

परकरावरच्या पहिल्या दिवशी ती पुन्हा पाचला उठली. थंडी सरत आली होती, तरी कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणल्या होत्या. हात चालेना, सवय मोडली होती. तरीही आठ झाल्या. दोघींना आठ म्हणजे जास्तच, पण रितिकाला आवडतात.

एक वाजता ती गोदामात गेली. सतरंजी टाकली, पूर्ण. रितिका आली, देवकीला बघून थबकली, मग हसली. "अवं माय, मावशी! तुमची पन एकचीच वेळ?"

"हाव. खाली टाकलं मले."

देवकीनं आपला डबा उजवीकडं, रितिकापुढं सरकवला. झाकण लावलेलं. रितिका बसली. तिनं आपला डबा काढला, मोबाईल काढला, कानात इअरफोनची बोंडं घातली आणि मोबाईल नीट उभा राहावा म्हणून देवकीच्या डब्याला टेकवला. तिचं लग्न पुण्यातल्या मुलाशी ठरलं होतं, हे देवकीला ऐकून माहीत होतं. मग रितिकालाच काय वाटलं कोण जाणे, तिनं एका कानातलं बोंड काढलं.

"मावशी, राग नका मानू हं. त्याले पन कंपनीत एक वाजताच सुट्टी भेटते. घरी सगळे असतात, दोन शब्द बोलता येत नाई. हा अर्धा तासच आहे आमाले." आणि मोठ्या मायेनं म्हणाली, "तुमच्यामुळेच भेटला न."

"बोल वं, बोल," देवकी म्हणाली. "मी का तुहा वेळ घ्यायले आली?"

घ्यायलाच आली होती. पण ते तिनं कोणाला कळू दिलं नाही. तिनं हात पुढं करून मोबाईल अलगद उचलला, साड्यांच्या गठ्ठ्याला टेकवून दिला आणि आपला डबा ओढून मांडीवर घेतला. रितिकानं हातानंच थँक्यू केलं आणि गठ्ठ्याकडं तोंड करून बसली. पडद्यावर एक पोरगा उजळला. तोही कुठल्याशा जिन्यात बसून जेवत होता.

रितिकानं आवाज खाली आणला, पण गोदाम केवढंसं! तिचं बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"काय आणलं आज डब्यात?" तिनं त्याला विचारलं.

त्यानं काय सांगितलं ते तिच्या कानातच राहिलं. ती हसली. मग त्यानंही तेच विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "मेथी. तुले आवडत नाई न?"

देवकीनं आपल्या डब्याचं झाकण आपणच उघडलं. कोथिंबिरीचा वास वर आला.

"सांभारवडी," ती हळूच म्हणाली.

कोणी विचारलं नव्हतं. घड्याळात एक वाजून सहा मिनिटं झाली होती आणि पुरती चोवीस मिनिटं तिच्या हक्काची शिल्लक होती.