दहा वाजताचं भांडण

आमच्या टेकडीवर सकाळचे दहा वाजले हे कळायला कुणाला घड्याळ लागत नसे. म्युरिएल कॉर्कमच्या दारामागे हेक्टर भुंकायला लागला की दहा वाजले. आणि त्याच्या पाठोपाठ माझ्या नवऱ्याचा आवाज, "गप रे नालायका, तुझ्या नावाचं काही नाही आज."

हेक्टर म्हणजे कुणी मोठा कुत्रा समजू नका. मांजराहून जरासा थोराड, आखूड पायांचा, अंगावरचे केस भांडी घासायच्या काथ्यासारखे. पण राग सगळा नाकावर. माझा नवरा वेंडेल जन्मभर या बंदराच्या गावात पोस्टमन होता. दारातल्या फटीतून त्याने टपाल आत सरकवलं की हेक्टर ते दातांनी धरायचा, आणि वेंडेल हट्टाने दुसरं टोक सोडायचा नाही. दोघांच्या ओढाताणीत म्युरिएलबाईंची निम्मी बिलं फाटलेली. जेवायला बसलो की मला त्या कुत्र्याच्या चहाड्या ऐकाव्या लागत, आज त्याने असं केलं न् तसं केलं. पानातल्या माशाच्या वड्या गार व्हायच्या. शेवटी मी म्हणायचे, लग्न त्याच्याशीच करायचं होतंस, मला कशाला अडकवलंस.

मग गेल्या मार्चमध्ये वेंडेल आमच्या घरातल्याच जिन्यावर कोसळला. झोपायला वर चालला होता. मध्यावर गेला, कठडा धरला, आणि माझ्या डोळ्यांदेखत घसरत खाली आला. हॅलिफॅक्स शहरातल्या इस्पितळात त्याच्या हृदयात स्टेंट घातले. डॉक्टरीण भली होती. घरी सोडताना तिने समोर बसवून सांगितलं की आता हृदय ठीक आहे, हळूहळू चाला, जिने चढा, बसून राहिलात तर मात्र बसलातच.

आणि वेंडेल बसला. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत असा बसला की उठायचं नाव नाही. ज्या माणसाने गुडघाभर बर्फात अख्खी टेकडी पालथी घातली, त्याला पाण्याचा पेला हातात द्यावा लागायला लागला. जिन्याकडे तर तो बघायचासुद्धा नाही. झोपायचं तेही खुर्चीतच. मी त्याची उशी खाली आणून दिली, म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. चार दिवसांचे महिने झाले. वर त्या रुंद पलंगावर मी एकटी, कान खाली लावून पडलेली, त्याचा श्वास ऐकू येतोय ना, एवढंच बघत.

मी गोड बोलून पाहिलं, तोंड फुगवून पाहिलं, एकदा बशीसुद्धा आपटली. "उद्यापासून," तो म्हणायचा. भीती वाटते असं काही म्हणायचा नाही. मेला कधीच म्हणायचा नाही. डॉक्टरांनी त्याचं हृदय दुरुस्त करून दिलं होतं, पण माझा माणूस काही घरी परत आला नव्हता.

ऑगस्टमध्ये म्युरिएलबाई ब्लूबेरी भरलेली गोड पेस्ट्री घेऊन दारात उभ्या राहिल्या. वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत आलेल्या. लहानपणी वेंडेल त्यांच्याच हाताखाली शिकला, त्यामुळे त्या आल्या की हा अजून खुर्चीत सावरून बसतो. बाईंनी चहा घेतला आणि मग एकदम डोळ्याला रुमाल लावला. हेक्टर खात नव्हता. जनावरांच्या डॉक्टरने तपासून पाहिलं, कुठे काही नाही. त्याच वसंतात टेकडीच्या पायथ्याशी सगळ्या गल्लीसाठी एकत्र टपालपेट्या बसल्या होत्या, त्यामुळे कुणाच्याच दारापर्यंत आता पोस्टमन येत नव्हता. हेक्टर रोज दहाला दारापाशी जाऊन बसायचा. वाट बघायचा. मग उठून पलंगाखाली जायचा तो संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही.

"वेंडेल," बाई म्हणाल्या, "तू एकदा येऊन त्याला भुंकू देशील का रे?"

वेंडेलच्या अंगाचा तिळपापड झाला. मी मरणाच्या दारातून परत आलोय बाई, आणि तुम्ही मला कुत्र्याच्या शिव्या खायला बोलावताय, असं बरंच काही तो बोलला. बाई गप्प बसून ऐकत राहिल्या, शाळेतही अशाच बसत असतील. बोलून दमल्यावर तो खिडकीबाहेर बघत पुटपुटला, "टोस्टच्या कडासुद्धा खात नाही? लोणी लावलेल्या?"

म्हटलं, त्याला टोस्टच्या कडा आवडतात हे तुला रे काय माहीत? तर म्हणे, ऐकून आहे. मला आठवलं, रोज सकाळी कामावर निघताना हा कागदात कडा गुंडाळून न्यायचा. समुद्रपक्ष्यांना, म्हणायचा. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर स्वारी पोस्टाचं जाकीट आणि टोपी घालून तयार. साध्या कपड्यांत कुत्रा मला ओळखणार नाही, असं कारण दिलं. शिवाय रिकाम्या हाताने जाणार नव्हता. मी किराणा दुकानाची जाहिरात एका लिफाफ्यात कोंबून दिली आणि त्याला गाडीतून सोडलं.

आमच्या टेकडीवरच्या घरांना रस्त्यापासून दारापर्यंत बाहेरून लाकडी जिना असतो. म्युरिएलबाईंचा सगळ्यांत उभा. वेंडेल थोडं चढला, कठडा घट्ट धरला आणि मटकन बसला. तोंड पांढरं पडलेलं. मी गाडीचं दार उघडून धावले. "नाही जमायचं थेल्मा, घरी चल," तो म्हणाला. आणि खाकरला. गेटातून आत येताना खाकरायची त्याची जन्माची सवय.

आतून एक भुंकणं आलं. बारीकसं, घसा बसल्यासारखं. मग दुसरं. मग असं काही सुरू झालं की शेजारच्या घरांच्या खिडक्या उघडल्या.

"गप रे नालायका," वेंडेल तिथूनच ओरडला, "चढतोय की माणूस, दिसत नाही का?"

त्याचा तो आवाज मी मार्चनंतर पहिल्यांदा ऐकला. मी रस्त्यात उभी राहून रडले, आणि लोकांना वाटलं नवऱ्याला काहीतरी झालं.

त्या दिवशी तो दारापर्यंत पोचलाच नाही. पण हेक्टरने अर्धी वाटी संपवली असा बाईंचा फोन आला. दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या जास्त. पानं पिवळी व्हायच्या आधी वेंडेल थेट दारापर्यंत जाऊन लिफाफा ओढायला लागला आणि पुढे गाडीही नको म्हणाला. घरी यायचा तो घामाघूम, भुकेला आणि चिडलेला. आज त्याने असं केलं न् तसं केलं. माशाच्या वड्या पुन्हा गार व्हायला लागल्या आणि मी चकार शब्द काढला नाही.

मी बाईंसाठी जातो हं, कुत्र्यासाठी नाही, हे पालुपद मात्र चालूच. एकदा हातमोजे विसरला म्हणून मी मागोमाग गेले. हेक्टर खिडकीत उभा होता. वेंडेल वळणावर दिसला मात्र, कुत्र्याचं शेपूटच काय, मागचं सगळं अंग हलायला लागलं. वेंडेलने टोपी काढून हलवली, "आलो रे बाबा, आलो." मग हेक्टर दाराकडे पळाला, वेंडेलने चेहरा वाकडा करून घेतला आणि दोघं एकमेकांवर तुटून पडले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी मोजे खिशात घालून परत फिरले.

सगळं छान चाललं होतं. एवढंच की बाईंचा उभा जिना धडाधड चढणारा माणूस आमच्या जिन्याला अजून हात लावत नव्हता. रात्र झाली की खुर्ची. मी एकदा विषय काढला. "त्या जिन्याचं वेगळं आहे," तो म्हणाला, आणि एवढंच म्हणाला. मी पुन्हा विचारलं नाही. तिथे पडताना त्याने काय पाहिलं असेल, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

डिसेंबरात बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि हेक्टर आपली वाटी घेऊन आमच्याकडे राहायला आला. पहिल्या संध्याकाळी दोघं शत्रू एकाच खोलीत बसले, एकमेकांकडे न बघता. पाहुणे आल्यावर मुलं बसतात ना गुपचूप, तशी. सकाळी दहाला हेक्टर आमच्या दारापाशी जाऊन बसला आणि मागे वळून वेंडेलकडे बघत राहिला. वेंडेल निमूट उठला, टोपी घातली, मागच्या दाराने बाहेर पडला, बर्फातून घराला वळसा घालून पुढे आला आणि खाकरला. स्वतःच्याच घराला टपाल टाकणारा पोस्टमन मी त्या दिवशी पाहिला.

तीन-चार दिवस हेच. मग एका सकाळी माझ्याकडे जाहिराती संपल्या होत्या, म्हणून मी टेबलावरचं पाणीपट्टीचं खरं बिल त्याच्या हातात दिलं. ओढाताण झाली आणि वेंडेलचा हात सुटला. हेक्टरने बिल फाडलं नाही. ते तोंडात धरून तो थेट आमचा जिना चढला आणि वरच्या पायरीवर उभा राहून खाली बघायला लागला.

वेंडेल मागच्या दाराने आत आला. "आण ते इकडे," त्याने दरडावलं. हेक्टर ढिम्म. शेपूट मात्र हलतंय. "अरे ते खरं टपाल आहे," वेंडेल म्हणाला, आणि बुटांसकट, टोपीसकट, बर्फ सांडत जिना चढायला लागला. कुत्र्याचे सगळे पूर्वज काढत मधली पायरीसुद्धा ओलांडून गेला. मी खाली लादी पुसायचं फडकं हातात धरून उभी.

वर पळापळ झाली. पलंग करकरला. मग एकदम शांतता. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच वरून त्याचा आवाज आला. अगदी साधा, रोजच्यासारखा.

"थेल्मा, माझी उशी कुठाय?"

ती उशी खुर्चीवर होती, नऊ महिने डोकं ठेवून मधे खळगा पडलेली. मी ती उचलली, पोटाशी धरली आणि जिना चढले. वेंडेल पलंगावर त्याच्या बाजूला बसला होता. त्याचा एक हात हेक्टरच्या त्या काथ्यासारख्या पाठीवर होता आणि तो काढून घ्यायचं सोंगही त्याने केलं नाही. पाणीपट्टीचं बिल मात्र पार चावून झालं होतं.

"आता याला खाली कोण नेणार?" मी विचारलं, कारण दुसरं काही बोलले असते तर रडू फुटलं असतं.

"राहू दे," वेंडेल उशी मागे टेकवत म्हणाला. "उद्या दहाला आम्हाला दोघांनाही खाली जायचंच आहे."