पेटीतली मुलगी

संगणकाच्या पडद्यावर, आवाजाच्या सरळ रेषेत ती बारीकशी गाठ, मोहरीएवढी, शब्द सुरू होण्याच्या किंचित आधी... तिनं सवयीनं त्या गाठीवर खूण केली, ती खोडली, दोन्ही बाजूंची शांतता एकमेकींना जोडून टाकली. श्वास होता तो. सासूबाईंचा. सासूबाई जुन्या कथा सांगतात, त्यांचं ध्वनिमुद्रण होतं, आणि त्यातले खोकले, गिळलेले आवंढे, खुर्चीची करकर आणि श्वास काढायचं काम सुनेकडे – घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, कानांवर हेडफोन. लोक म्हणतात, काय बाई आहे, एका दमात बोलते. एका दमात कोण बोलतं? मी कापते म्हणून.

इतके श्वास कापल्यावर तिला एक कळलं होतं आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाई कथेत पदरचं काही घालणार असल्या, की आधी एक आखूड श्वास घेतात. सगळेच घेतात. नवरा ‘रस्त्यात गर्दी होती’ म्हणण्याआधी घेतो. बाबा तर घ्यायचेच – आई दवाखान्यात होती तेव्हा रोज संध्याकाळी येऊन ते म्हणायचे, ‘बरी आहे गं’, आणि त्याआधी नाकानं एवढासा श्वास, गिअर बदलताना घ्यायचे तसा. त्या श्वासावरून तिला कळलं होतं की आई घरी येणार नाही. बाबांना खोटं बोलता येत नाही. जगात एवढ्या एका गोष्टीची तिला खात्री होती.

आज सारथ्याची कथा. मूलबाळ नसलेल्या सारथ्याला नदीतून वाहत आलेली पेटी सापडते, पेटीत बाळ. ते मोठं होतं, धनुष्य उचलतं, भर मैदानात त्याला कूळ विचारतात आणि नेमका तेव्हाच म्हातारा बाप घाम पुसत, काठी टेकत आत येतो. लोक हसतात. इथं तिचा हात थांबला. बाबा बस चालवायचे. सुट्टीत ते तिला शेजारी इंजिनाच्या गरम झाकणावर बसवायचे आणि चढ लागला की विचारायचे, ‘कोण गं तू?’ ती ओरडायची, ‘ड्रायव्हरची पोर’, आणि बस चढ चढायची. तिच्या ओरडण्यानंच चढते असं तिला फार दिवस वाटत होतं.

या कथांचं एक मात्र तिला कधी पटलं नाही. कोळ्याच्या घरची मुलगी राजाच्या मनात भरली, की ती मुळात कुठल्याशा राजाचीच निघते. सारथ्याचं पोरगं शूर असलं, की ते राणीचंच निघतं. लग्न जमायचं, मान मिळायचा, तर आधी जन्म दुरुस्त करून घ्यायचा. सारथ्याच्या पोटी सारथ्याचाच, आणि तरीही चांगला, असा एकही कसा नाही?

कथा संपली. ती हेडफोन काढणार, तेवढ्यात रेषेवर पुन्हा गाठ. आखूड.

‘माझ्याही घरात अशी एक पेटी आली आहे बरं का,’ सासूबाई कानात म्हणाल्या. ‘माझी सून. ड्रायव्हरच्या घरी वाढली खरी, पण जन्मानं ती आपल्यातलीच. कुणा अडलेल्या मुलीनं सोपवलेलं लेकरू. रक्त लपत नाही.’

तिनं ते पुन्हा ऐकलं, मग पुन्हा. मग तिला सगळं एकदम कळलं, नको इतकं. आज संध्याकाळी नणंदेसाठी मुलाचे आईवडील येणार होते. त्यांनी परवा फोनवर सहज विचारलं होतं, ‘तुमची सून कुठली?’ आणि आज बाबाही येणार होते. लग्न झाल्यापासून त्यांना या घरचं बोलावणं आलेलं नव्हतं. काल सासूबाईंनी स्वतः, दार लावून, त्यांना फोन केला, आणि आपण मूर्खासारखं रात्रभर आनंदात होतो.

तिनं बाबांना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. निघाले असतील, बसमध्ये त्यांना ऐकू येत नाही. नवऱ्याला लावला.

‘आईला ताईचं जमवायचंय,’ तो म्हणाला. ‘एका संध्याकाळचा प्रश्न आहे. तू जरा गप्प राहा ना.’

आधी श्वास घेतला नाही त्यानं. म्हणजे मनापासून म्हणाला.

स्वयंपाकघरात सासूबाई चांगल्या कपबश्या काढून पुसत होत्या.

‘आई, कथेच्या शेवटी ते जे आहे...’

‘ते ठेव. कापू नकोस.’

‘पण ते खरं नाहीये.’

‘अगं, तुला वर काढतेय मी, खाली नाही ढकलत.’ त्यांनी कप उजेडात धरून पाहिला. ‘आणि तुझ्या बाबांशी बोललेय मी. समजूतदार आहे हो माणूस.’

काय बोलल्या असतील? बाबा सरळ म्हणतील, छे हो, माझीच पोर आहे, आणि पाहुणे उठतील, नणंदेचं मोडेल, आणि मग या घरात जन्मभर... किंवा काहीच म्हणणार नाहीत, नुसते बसतील, मैदानातल्या त्या म्हाताऱ्यासारखे, आणि लोक हसतील. दुपारभर ती गाद्यांच्या खोलीत बसून राहिली. काही कापलं नाही.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीच्या कडेवर बसले. मुलाचे वडील डोळ्यांचे डॉक्टर, बोलायला गोड. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग त्यांनी मान वळवली. ‘आणि तुम्ही सूनबाईंचे...?’

ती ट्रे धरून उभी होती. ट्रेवरचे चमचे वाजू नयेत म्हणून तिनं ते मुठीत धरले. आता श्वास. बाबांचा नाकातला श्वास आता येईल आणि मला कळेल, खोटं आहे, या बाईनं शिकवलेलं आहे, आणि मग कुणी काही म्हणो...

‘मी फक्त वाढवली,’ बाबा म्हणाले. ‘जन्मानं ती यांच्यातलीच. आमचं नशीब, दुसरं काय.’

श्वास आलाच नाही. शब्द असे आले, जणू कित्येक वर्षं तोंडाशी येऊन बसले होते. डॉक्टरांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी कथेतल्यासारखं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. सासूबाई नम्रपणे खाली बघत होत्या. सगळं निभावलं होतं.

मग मला का भीती वाटते आहे? सकाळची भीती निदान ओळखीची होती... ही कुठून आली? आईला मी फार उशिरा झाले, सगळे म्हणायचे. माझा तान्हेपणीचा फोटो नाही, पण तेव्हा कॅमेरा होता कुणाकडे? माझं नाक आईसारखं नाही. बाबांसारखंही नाही. आजवर नाकाचा विचार केला नव्हता मी. आणि सासूबाईंनी घेतला होता ना श्वास, मी ऐकला, मी स्वतः पाहिली ती गाठ. दोघांपैकी कुणाच्या श्वासावर विश्वास ठेवायचा? की बाबांनी रात्रभर घोकलं, माझं घर टिकावं म्हणून, आणि घोकून घोकून श्वास पुसून टाकला?

पाहुणे गेले. बाबा रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात आले, नको म्हणताना. तिच्या शेजारी उभे राहिले.

‘बरं झालं ना गं?’ ते म्हणाले. ‘चुकलो नाही ना कुठं?’

चुकलो नाही ना. म्हणजे पाठ केलेलं. की म्हणजे, सांगायला नको होतं? विचारायचं होतं. एकच वाक्य, आणि उत्तराआधी त्यांनी श्वास घेतला तर एक, नाही घेतला तर दुसरं. तिच्याइतके कान दुसऱ्या कुणाला नव्हते. आयुष्यभराचं तिला अर्ध्या क्षणात कळणार होतं.

तिनं नळ सोडला. पूर्ण. पाणी भांड्यांवर धाडधाड आदळायला लागलं, आणि मग, पाण्याकडे बघतच, ती म्हणाली, ‘बाबा, मी कोण?’

‘ड्रायव्हरची पोर,’ बाबा म्हणाले.

शब्द ऐकू आले. त्यांच्या आधीचं काही पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. तिनं नळ तसाच राहू दिला.