एफ चौदावरचा रुमाल

रत्नप्रभा टॉकीजमधलं मध्यंतर चौतीस वर्षं झाली तरी संपलं नव्हतं, कारण एफ चौदा नंबरच्या खुर्चीवर जालिंदर शेटेचा रुमाल होता. रुमाल आहे म्हणजे माणूस येणार, हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. नऊ वर्षांच्या जालिंदरला तेव्हा वडिलांनी एसटी चुकेल म्हणून मध्यंतरातच दंडाला धरून बाहेर काढलं होतं. रुमाल उचलायचा राहून गेला.

आज दुपारी तो सात वर्षांच्या मुलीला, स्वरदाला, घेऊन आला. "आलात एकदाचे," म्हणत दारावरच्या माणसाने बॅटरी पेटवली आणि दोघांना खुर्चीपर्यंत नेलं. प्रेक्षक म्हातारे झाले होते. त्यांच्या हातातले वडे मात्र गरम होते. रागावलं कुणीच नाही; एका आजींनी फक्त एसटी मिळाली का, असं विचारलं.

जालिंदरने रुमाल उचलला आणि सिनेमा सुरू झाला.

पडद्यावर खलनायक होता तसाच उभा होता. बोट बंदुकीच्या घोड्यावर आणि नेम खऱ्या घोड्यावर. हात भरून आला होता बिचाऱ्याचा. घोड्याचं नाव सरदार. लहानपणी जालिंदरचा वडिलांपेक्षा या सरदारवर जास्त जीव होता. पुढचं पाहिलेलंच नव्हतं, तरी तो शेवटी वाचतो, असं त्याने स्वरदाला बिनदिक्कत ठोकून दिलं होतं.

"पप्पा, वाचतो ना?" स्वरदाने विचारलं.

खलनायकाने मोकळ्या हाताने खिशातला कागद काढून पाहिला. "माझ्याकडे मरतो असं लिहिलंय."

स्वरदा पप्पांकडे बघू लागली. मग सगळं थिएटर बघू लागलं. निघून जावं म्हटलं, तर दाराच्या जागी भिंत होती आणि दारावरचा माणूस तिला टेकून उभा होता. जालिंदरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सरदार वाचतो," तो म्हणाला.

"वाचू दे की," खलनायक म्हणाला. "पण बोट आखडलं होतं, आत्ताच ओढलं गेलं. गोळी सुटलीय. ती कुठंतरी बसणार."

सरदार बाजूला झाला. गोळी पडद्यातून बाहेर आली आणि पायऱ्यांपाशी बावरून थांबली. दारावरच्या माणसाने बॅटरी मारून तिला नंबर सांगितला. एफ रांगेतले लोक एकेक करून तिला वाट देऊ लागले. स्वरदा सरदारसाठी टाळ्या वाजवत होती. जालिंदरने तिला उचलून पलीकडच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः ताठ बसला आणि इतरांसारखे गुडघे आत घेतले.