दांडा कोणी मारला?

तेरसिंगची उजव्या हाताची बोटं दगडावर धरून दुसऱ्या दगडानं ठेचली, हे हेमांगीला रोनकच्या फोनवरून कळलं. तेव्हा ती प्रयोगशाळेत कुठल्याशा गावच्या बोअरचं पाणी तपासत होती. नळी हातातच राहिली.

"कोणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"मी कविता शेअर केली होती ना, तिच्याखाली साक्रीच्या कुणीतरी लिहिलंय. धुळ्याला सरकारी दवाखान्यात आणलंय म्हणे." जळगावात कापडाचं दुकान चालवणाऱ्या, एरवी थट्टेशिवाय न बोलणाऱ्या रोनकचा आवाज पार बसला होता. "हेमांगी, आपल्यामुळे तर नाही ना?"

उत्तर तिला माहीत होतं.

हौशी लिहिणाऱ्यांचा तो ऑनलाइन गट तिनंच सुरू केला होता. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या खोलीत बसून, एमएस्सी झाल्यावर, नोकरीच्या कंटाळ्यावर उतारा म्हणून. गटाचा नियम एकच होता. कवितेखाली "वाह" लिहायचं नाही, प्रश्न विचारायचा. जिथे कवी धूसर बोलला असेल तिथे बोट ठेवायचं आणि कवीनं ते दुरुस्त करायचं. हेमांगी यात इतकी पटाईत होती, की रोनक रोज विचारायचा, "मॅडम, आजचं शवविच्छेदन आटोपलं का?"

तेरसिंग गेल्या हिवाळ्यात गटात आला. साक्रीच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीची टपरी, घर डोंगराकडच्या एका पाड्यावर. गिऱ्हाईक नसलं की लिहायचा. मोहाच्या फुलांवर, कोंबड्यांच्या झुंजीवर, बापाच्या दारूवर. हेमांगी प्रत्येक ओळीला अडवायची. एकदा तो फोनवर हसून म्हणाला, "ताई, मी फुलपाखरू लिहिलं तर तुम्ही त्याचं वजन विचाराल."

"विचारीन. सांगशील?"

"तुमच्यासाठी तराजू आणतो."

मग त्यानं काकीवर लिहिलं. बुधीबाईवर. विहिरीच्या पाण्याला भूक लागली, पाण्यानं काकीला ओढलं आणि छातीवर निळे वळ देऊन परत केलं, अशी कविता होती. गटाला फार आवडली. हेमांगीनं खाली लिहिलं, "पाण्याला भूक नसते. बुडून मेलेल्या बाईच्या छातीवर वळ कसे?"

बऱ्याच दिवसांनी त्यानं दुसरा खर्डा टाकला. पाड्यावर दोन लेकरं तापानं दगावली होती. भगतानं बुधीबाईकडे बोट दाखवलं, डाकीण म्हणून. तिला कडुनिंबाखाली उताणी पाडलं. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. डोळ्यांत मिरचीपूड कोंबली. मग कुऱ्हाडीचा दांडा तिच्या छातीवर चालला, भुईमूग झोडपावा तसा. ती भगताचं नाही, त्या दगावलेल्या लेकरांची नावं घेत ओरडत होती. आवाज थांबल्यावर विहीर.

हेमांगीनं ते वाचून फोन पालथा ठेवला होता. आणि तरीही तिनं प्रश्न विचारला होता, कारण तिच्या हाताला तेच वळण होतं. "चौघांनी हातपाय धरले. मग दांडा कोणी मारला? एक माणूस कमी पडतो."

तिला ती कवितेतली उणीव वाटली. रोनकनं कविता तिच्या प्रश्नासकट एका मोठ्या पानावर टाकली आणि ती फिरत फिरत पाड्यावर पोचली. तिथल्या लोकांना त्यात कविता दिसली नाही. जळगावची कोणी बाई नाव मागतेय, आणि तेरसिंग ते देणार, एवढंच दिसलं.

ती दुपारच्या एसटीनं धुळ्याला पोचली. खाटेवर तेरसिंगचा चेहरा ओळखू येत नव्हता. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटून टाके घातलेले, उजवा हात बँडेजचा गोळा. शेजारी स्टुलावर रुंद खांद्यांचा माणूस केळं सोलत होता.

"तुमी कवितावाल्या ताई शेतस ना?" तो म्हणाला. "मी सुकलाल, याचा मोठा भाऊ. गाडीवरथीन पडना तो."

"गाडीवरून पडून बोटं ठेचली जात नाहीत," हेमांगी म्हणाली.

"आमनाकडनी गाडी जड ऱ्हास." त्यानं केळ्याचा तुकडा तेरसिंगच्या ओठांशी नेला. तेरसिंगनं तोंड फिरवलं. "बठ्ठा गावमा, घरोघर फिरनी ती कविता. काढी टाका ताई. आन लिखा, बठ्ठं खोटं शे. मंग तो घर येई. माय वाट देखस."

"आणि नाही काढली तर?"

सुकलाल नीट विचार करून बोलला. "त्याना डावा हात अजून चांगला शे."

तिनं फोन काढला. गटाची मालकीण तीच. एका स्पर्शानं मूळ कविता गेली की रोनकनं शेअर केलेलीही जाणार होती, आणि माणूस कदाचित वाचणार होता. अंगठा काचेवर टेकणार तोच तेरसिंग बोलला.

"ताई, तुमचा हिशेब चुकला."

"बोलू नकोस. टाके उसवतील."

"माणूस कमी पडत नव्हता. कवितेत मी एक लपवला." त्याच्या ओठातून रक्ताची रेघ हनुवटीवर आली. "हातांवर दोघं होते. एका पायावर भगताचा पोरगा. दांडा या माझ्या भावाच्या हातात होता."

सुकलाल उठला नाही, ओरडला नाही. त्यानं फक्त बँडेजच्या गोळ्यावर तळवा ठेवला आणि दाबला. तेरसिंगचं शरीर कमानीसारखं वर आलं, खाट करकरली. हेमांगीनं दोन्ही हातांनी ते मनगट ओढलं; ते हललंसुद्धा नाही. पांढऱ्या पट्टीतून लाल डाग फुलत गेला. ती त्याच्या मनगटाला चावली. तोंडात मीठ आणि लोखंडाची चव आली, तेव्हा कुठे त्याची पकड सुटली. त्यानं उलट्या हातानं दिलेल्या तडाख्यानं ती सलाइनच्या दांडीवर आदळली.

वॉर्डातली माणसं धावली. दोघांनी सुकलालला मागून कव घातली. जबाब घ्यायला आलेला हवालदार दारातून आत घुसला आणि त्यानं सुकलालला भिंतीशी दाबून धरलं.

"काय चाललंय? जबाब कोण देणार?"

"मी," तेरसिंग म्हणाला. सुकलाल भिंतीशी धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिला. पण तेरसिंग हवालदाराकडे बघत नव्हता. त्याचा एक उघडा डोळा हेमांगीवर होता.

"विचारा ताई. तुम्ही विचारलं की मला नीट सांगता येतं."

हेमांगीचा गाल बधिर झाला होता. फोन जमिनीवर पडून तडकला होता. कविता अजून तशीच होती. दुसऱ्या पायावर कोण होतं, हे तिला कळून चुकलं होतं, आणि ते हवालदारानं ऐकलं की तेरसिंग या खाटेवरून घरी जाणार नाही, हेही.

"दुसरा पाय," ती म्हणाली. "डावा की उजवा?"

"डावा," तेरसिंग म्हणाला. "मी धरला होता. तिच्या घोट्यात वाळा होता. तो माझ्या तळहातात रुतत होता, आणि तरी मी सोडला नाही."