काळ्या पट्टीखालचा जांभळा रंग

मी गोल्फची एक काठी बोलतेय. जरा हळू बोलतेय, कारण दमलेय. काठीला कसला आलाय दम, असं तुम्ही म्हणाल. पण जिला दिवसभर कुणी ना कुणी उचलतं, आपटतं आणि "ठीक आहे" म्हणून परत ठेवून देतं, तिला विचारा.

माझा जन्म कारखान्यातला. काळ्या तंतूंचे पातळ थर एका सळईवर गुंडाळले, भट्टीत भाजले आणि मग सळई ओढून काढली. त्यामुळे मी आतून पोकळ आणि अंगाने हलकी. खाली पोलादी डोकं बसवलं, वर रबरी मूठ चढवली. शेवटी मुठीखाली दांड्यावर बोटभर रुंदीचा जांभळा पट्टा रंगवला. आमच्या कारखान्यात जड दांड्याला निळा पट्टा आणि हलक्या, लवचीक दांड्याला जांभळा. जांभळा म्हणजे बायकांसाठी. हे कुणी ठरवलं कोण जाणे. मला तरी कुणी विचारलं नाही.

दुकानात पोहोचले तेव्हा माझ्या डोक्याला प्रवासातला एक ओरखडा होता. नवी म्हणून विकता येईना, म्हणून मला ट्रायलच्या स्टँडवर उभं केलं. गिऱ्हाइकांनी मारून बघायचं आणि विकत घ्यायची ती माझी कोरी बहीण. लग्नाच्या मांडवात दुसऱ्यांच्या अंगावर हळद बघत उभं राहावं, तसं माझं आयुष्य.

दुकानाच्या मागच्या खोलीत खोट्या गवताची चटई होती आणि समोर जाळी. तिथे मी माणसं पाहिली, अगदी तळहातापासून पाहिली. चेंडू नीट गेला तर "बघितलंत माझा हात?" आणि वाकडा गेला तर "काठीच बेकार आहे." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! सुरुवातीला मला राग यायचा. पुढे पुढे रागाचाही कंटाळा आला.

दुकानात मापं घेणारा एक म्हातारा होता. गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, खिशात चिकटपट्टीचं रीळ. सगळे त्याला मास्तर म्हणत. पुरुष गिऱ्हाईक आलं की मास्तर आधी सगळ्या काठ्यांच्या पट्ट्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळून टाकायचा. निळा कुठला, जांभळा कुठला, काही कळायला नको. "काठी निवडतात डोळे आणि भोगतात बिचारे हात," असं तो मला पट्टी लावताना पुटपुटायचा.

एका दुपारी एक जोडपं आलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. हाताला वंगणाचा वास मुरलेला, तो साबणालाही दाद देत नव्हता. घसरणारी मोटर एकट्याने धरून ठेवताना त्याच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला होता. ऑपरेशन झालं, हात कित्येक दिवस झोळीत होता. आता झोळी सुटली होती आणि त्याला एकच ध्यास होता, रविवारी मैदानावर परत जायचं. तिथे त्याचे तीन मित्र होते. त्याच्या जागी ते तात्पुरता एक चौथा घेऊन खेळत होते आणि हा तात्पुरता आता कायमचा होतो की काय, या धास्तीने माणूस अर्धा झाला होता.

"डॉक्टरांनी मोकळं केलंय मला," तो मास्तरला म्हणाला.

त्याची बायको जमिनीकडे बघत राहिली. तेवढ्यावरून मला कळलं, हा खोटं बोलतोय. हात कमरेच्या वर न्यायचा नाही असं त्याच्या खांद्याचे व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने बजावलं होतं, हे नंतर घरी मी कितीदा तरी ऐकलं.

त्याने आपली जुनी पोलादी काठी आणली होती. त्या काठीने त्याने एक फटका मारला आणि दात आवळले. मग मास्तरने एकेक नवी काठी हातात दिली. कुठली जड, कुठली ताठ. प्रत्येक फटक्यानंतर तो खांदा चोळायचा आणि कुणी बघतंय असं वाटलं की कॉलर नीट करायचा. शेवटी माझी पाळी आली.

त्याने मला उचललं आणि थांबला. "ही काय, हातात आहे की नाही तेच कळत नाही!" कमरेपर्यंतच हात नेऊन त्याने मला सोडलं. मी वाकले, परत सरळ झाले, आणि चेंडू टणकन सुटून जाळीच्या मधोमध जाऊन बसला. त्याने खांद्याकडे पाहिलं. खांदा गप्प होता. आणि तो हसला हो! बायकोने दोन्ही हात तोंडावर नेले. हे हसू तिनेही खूप दिवसांनी पाहिलं असावं.

"हीच! पट्टी काढा, बघू तरी कुठली आहे."

मास्तर म्हणाला, "असू द्या ना साहेब. मारताना बरं वाटलं ना, मग झालं."

पण हा ऐकेना. मास्तरने पट्टी सोडवली. जांभळा रंग दिसला.

"ही बायकांची आहे."

"काठीला कुठलं बाई नि बुवा, साहेब? तुमच्या खांद्याला सोसते, एवढंच बघा."

"खांद्याला काय धाड भरलीय?" असं म्हणून त्याने मला स्टँडवर टाकलं आणि आपली जुनी पोलादी उचलून पूर्ण ताकदीने फिरवली. चेंडू छताच्या दिव्याला लागता लागता राहिला. हा पाठमोरा उभा राहिला, पाणी पितो म्हणाला आणि बाहेर गेला. पडलो तरी नाक वर, ही म्हण कुणी तरी असंच माणूस बघून रचली असणार.

बायको माझ्याजवळ आली. या बाईने त्याच्या शर्टाची बटणं लावली होती, त्याचे केस विंचरले होते, घास भरवले होते. तिने मला हातात घेतलं, अगदी लाटणं धरावं तसं.

"ही मला द्या. मी शिकणार आहे म्हणून सांगेन."

"ही ट्रायलची आहे ताई. ओरखडा आहे. नवी मागवून देतो."

"नको, हीच द्या. हिनेच हसवलंय त्यांना. आणि ती पट्टी तेवढी परत लावून द्या."

अशी मी पहिल्यांदा कुणाची तरी झाले. गाडीच्या मागच्या सीटवर पडल्या पडल्या मला झोपच लागली असती, जर काठ्यांना झोप असती.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं, "माझी आहे, पण तुम्ही रविवारी नेलीत तर माझी ना नाही." त्याने मान फिरवली. रविवारी मात्र मी त्याच्या बॅगेत होते.

मैदानावर त्याच्या मित्रांनी त्याला मिठ्याच मारल्या. पहिल्या फटक्याला त्याने मला काढलं, तर बेकरीवाल्या मित्राचं लक्ष गेलं. "लिफ्टमास्तर, नवी काठी? बघू बघू!" त्याने नखाने पट्टीचं टोक उचकटलं. "अरे, ही तर जांभळी! वहिनींची पळवलीस की काय?"

सगळे हसले. ते हसणं वाईट नव्हतं, मी सांगते तुम्हाला. इतक्या महिन्यांनी मित्र आला म्हणून आलेलं हसणं होतं. "तिचीच आहे, चुकून आली," एवढं म्हणून हाही हसला असता तर निभावलं असतं. पण त्याचे कान लाल झाले. त्याने मला बॅगेत कोंबलं आणि पोलादी बाहेर काढली. मी आतून फक्त आवाज ऐकला. आधी काठीचा, मग त्याचा. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही.

शिवलेलं पुन्हा उसवलं. डॉक्टर म्हणाले, आता पूर्ण फटका कधीच नाही. हात परत झोळीत आला, बटणं परत बायकोकडे गेली. मित्र भेटायला आले, बेकरीवाला तर पाव घेऊन रडायलाच बसला. पण हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सुंभ जळाला होता, पीळ तेवढा शिल्लक होता. मी दाराआड उभी होते. छत्री आणि मी.

खोटं बोललं की ते निभवावं लागतं. बायकोने शिकणार म्हटलं होतं, म्हणून ती रोज सकाळी मला घेऊन मागच्या अंगणात जाऊ लागली. खरं सांगते, तिला अजिबात येत नव्हतं. दुकानातल्या साऱ्या गिऱ्हाइकांनी मिळून मला जेवढं जमिनीवर आपटलं नसेल, तेवढं तिने एका हिवाळ्यात आपटलं. कुंड्या फुटल्या. माझं डोकं मातीने भरलं. मी दमले, पण तीही दमत होती आणि तरी दुसऱ्या दिवशी यायचीच.

झोळी सुटल्यावर तो मागच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागला. आधी नुसता बसायचा. मग एक दिवस राहवेना.

"अगं, लाटतेस काय? मूठ सैल धर. खांदा खाली."

"उंटावरून शेळ्या हाकू नका. या आणि दाखवा."

"माझा हात चालत नाही, माहीत आहे ना?"

"अर्धा चालतो ना? मग अर्धंच दाखवा." तिने मला मातीत टेकवलं. "मला तुमचा पूर्ण फटका नकोय हो. मला तुम्ही त्या खुर्चीतून उठलेले हवे आहात."

त्याने डाव्या हाताने खुर्चीवर रेटा दिला. मग उठला, तिच्या हातातून मला घेतलं आणि मुठीखाली बघायला लागला. काळी पट्टी आता मातीने राखाडी झाली होती, तिचं उचकटलेलं टोक तसंच लोंबत होतं. उजव्या हाताला जोर नव्हता, म्हणून डाव्या नखाने त्याने ते धरलं आणि सावकाश, गोल गोल फिरवत, सगळी पट्टी सोडवली. खाली माझा जांभळा रंग जसाच्या तसा होता. त्याने त्यावरचा चिकटपणा अंगठ्याने पुसला.

"रंग चांगला आहे गं," तो म्हणाला.

मग हात कमरेपर्यंत नेऊन त्याने मला सोडलं. चेंडू गेला तुळईएवढा सरळ, पण फार लांब नाही. कुंपणाच्या अलीकडेच थांबला. बायको तो आणायला धावली. त्याने तिला पाठमोरी पाहिली आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मी त्याच्या हातात होते, म्हणून मला दिसलं.

आता मी रविवारी त्याची असते आणि बाकीचे दिवस तिची. तो मित्रांबरोबर मैदानावर जातो, अर्धेच फटके मारतो आणि हरतो. बेकरीवाला अजूनही वहिनींची काठी म्हणून चिडवतो, तेव्हा हा म्हणतो, "हो, तिचीच आहे, जपून हात लाव." माझी मूठ झिजलीय, डोक्यावर ओरखड्यांची गर्दी झालीय, दांड्यात कुठेतरी बारीक करकर येते. फार दिवस राहिले नाहीत माझे. मोडले तर मोडू दे, मला विसावा हवाच आहे. फक्त एवढं करा, दुरुस्तीच्या नावाखाली माझ्यावर परत काळी पट्टी गुंडाळू नका.