तेवीस पॉइंट

जुलैच्या सव्वीस तारखेला डॉक्टरांनी सांगितलं, की माझ्या बायकोच्या, व्हर्लाच्या, यकृतात गाठी पसरल्यात, औषधांनी फार तर थोडे दिवस वाढतील. तिने त्यांना एकच गोष्ट विचारली, "पंधरा सप्टेंबरला मला बंदूक धरता येईल का?"

डॉक्टर शहरातून नवीन आलेले. ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, हिला मूसच्या शिकारीचा परवाना लागलाय, त्या दिवशी हंगाम सुरू होतो.

तेवीस वर्षं ती अर्ज करत होती. आमच्या खोऱ्यात वर्षाला दोनच नर मूस, म्हणजे घोड्याएवढाली रुंद शिंगांची हरणं, मारायची परवानगी मिळते, तीही सोडतीने. नंबर लागला नाही की नावावर एक पॉइंट जमा होतो, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. एकदा परवाना लागला की सगळे पॉइंट जातात, पुन्हा शून्यापासून सुरुवात. आमच्याकडची माणसं पोरांचे वाढदिवस विसरतील, पॉइंट विसरत नाहीत. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा व्हर्ला कपडे वाळत घालत होती. मी ओरडून सांगितलं, तर म्हणाली, खोटं बोलत असशील तर आज जेवायला मिळणार नाही.

ऑगस्टमध्ये ती झपाट्याने खंगली. तरी रोज स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिठाची पिशवी ठेवून त्यावर रिकामी बंदूक टेकवायची आणि खिडकीतून गोठ्याच्या दारावर नेम धरायची. गोळी चढवायचा बोल्ट ओढायला तिला दोन्ही हात लागायचे. तिचा भाऊ लायल याने सगळं ठरवून टाकलं होतं. त्याच्या म्हाताऱ्या घोडीवर तिला बसवायचं, ओढ्याकाठच्या झुडपांपर्यंत न्यायचं, तिथे खुर्ची टाकायची आणि वाट बघायची. मूस तिथे चरायला येतोच.

मी मात्र नियमांचं पुस्तक घेऊन बसलो होतो. त्यात लिहिलं होतं, की डॉक्टरांचं पत्र जोडून हंगामाच्या आधी परवाना परत केला, तर पॉइंट जसेच्या तसे परत मिळतात. ती ओळ सापडली तेव्हा मला तिच्या दुखण्यावर इलाज सापडल्यासारखं वाटलं.

लायलला सांगितलं तर तो हसला. "पुढच्या वर्षी? ऑरिन, तू दुसऱ्याच कुठल्या डॉक्टरकडे गेला होतास का?"

मी त्याला घरातून जायला सांगितलं.

मग व्हर्लाला समजावलं. दोन दिवस थंडीत कुडकुडशील, मूस दिसणारही नाही, आणि तेवीस वर्षं पाण्यात जातील. बरी हो, पुढच्या वर्षी पहिला नंबर तुझाच. मला ते खरं वाटत होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. ती जंगलात गेली असती, तर पुढचं वर्ष नाही हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. एवढं मात्र मला कळत होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि पेन मागितलं.

"सही करते," ती म्हणाली. "पण हे पुढचं वर्ष तुझं आहे, ऑरिन. माझं नाही."

पंधरा सप्टेंबरला ती सकाळी आपली आपण उठली. पॅनकेक केले, दोन खाल्ले, टपालपेटीपर्यंत चालत जाऊन आली. असे बरे दिवस तिला पुढे तीन आठवडे मिळाले. मी मोजले नव्हते. लायलने मोजले होते, आणि मला सांगितले.

तिचा परवाना यादीतल्या पुढच्या माणसाला गेला. तो दातांचा डॉक्टर होता, चौदा पॉइंटवाला. त्याने तिसऱ्याच दिवशी मूस मारला, त्याच ओढ्यावर. किराणा दुकानाच्या भिंतीवर फोटो लागला होता. व्हर्लाने तो पाहिला, म्हणाली, "शिंगं बरी आहेत." आणि कॉफीचा डबा घेऊन गाडीत जाऊन बसली. त्यानंतर शिकारीचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

नऊ नोव्हेंबरला ती गेली. लायल दफनाला आला, पण माझ्याशेजारी उभा राहिला नाही.

डिसेंबरात परवाना कार्यालयाचं पत्र आलं, तिच्या नावाने. आपले तेवीस पॉइंट पुन्हा जमा करण्यात आले आहेत, पुढील हंगामासाठी शुभेच्छा. मी फोन केला. फोनवरची मुलगी भली होती. म्हणाली, सॉरी, पॉइंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, नवऱ्याच्याही नाही. मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठवा, म्हणजे आम्ही खातं बंद करू. मी हो म्हणालो.

आता एप्रिल चालू आहे. नव्या अर्जांची मुदत या महिन्याअखेर संपते. यादीत व्हर्ला अजूनही सगळ्यांच्या वर आहे. दाखला मी पाठवलेला नाही.